कथेत नसलेला माणूस

१

सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, दुपारी अडीच वाजता, राखी पगारे इंदिरानगरातल्या त्या जुन्या इमारतीखाली स्कूटर लावायची आणि तळमजल्यावरच्या दाराची कडी वाजवायची. आतून आवाज यायचा, "उघडंच आहे गं, ये." दोन वर्षं यात खंड पडला नव्हता.

विमलाबाई महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवायच्या. राखी त्यांची विद्यार्थिनी. आता राखी बेचाळीसची होती आणि एका कॉलेजच्या ग्रंथालयात सकाळपाळीला काम करायची. बाई सत्त्याहत्तरच्या झाल्या होत्या आणि काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे नेले होते. डोळे गेले तरी कथांचं वेड गेलं नव्हतं. कथा वाचली की तिच्याबद्दल चार ओळी लिहून ठेवायच्या, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. कपाटात अशा एकोणतीस वह्या होत्या, सगळ्या बाईंच्या टपोऱ्या अक्षरातल्या. तिसावी वही राखीच्या अक्षरात चालू होती. राखीने वाचायचं आणि बाईंनी दिवाणावर पाय वर घेऊन ऐकायचं. मग जरा वेळ गप्प बसायचं आणि अभिप्राय सांगायचा.

अभिप्राय तिखट असायचे. एका नावाजलेल्या कथेबद्दल त्या म्हणाल्या होत्या, "हा मला रडवायचं ठरवूनच बसला होता. मी रडले नाही. लिही." एका नवख्या मुलीच्या कथेबद्दल, "हिला भांडण लिहिता येतं. समेट येत नाही. शिकेल. लिही."

जानेवारीतल्या एका बुधवारी राखीने निवृत्त पोस्टमनची कथा वाचली. जुनी, साधी कथा. शेवटच्या दिवशी तो वाटायचं राहिलेलं एक पत्र घरी घेऊन येतो, एवढंच. बाई शाल गुंडाळून ऐकत होत्या. स्वयंपाकघरात कामाला येणारी लताबाई भाजी निवडत होती.

"शेवट बरा आहे," बाई म्हणाल्या. "पण तो फाटकाशी उभा असलेला माणूस? चपला हातात धरलेला? त्याला उभा केला आणि लेखक विसरूनच गेला. असं करू नये. माणूस उभा केला की त्याचं काहीतरी करावं लागतं. लिही."

राखीने लिहिलं. असा माणूस तिला काही आठवेना. पण वाचणाऱ्याचं लक्ष कधी कधी अक्षरांवर असतं, अर्थावर नसतं. घरी जाऊन तिने कथा पुन्हा चाळली. पोस्टमनच्या घराला फाटकच नव्हतं.

२

शुक्रवारची कथा अगदी आत्ताची होती. नवीन फ्लॅट घेतलेलं जोडपं भिंतीच्या रंगावरून भांडायला लागतं आणि भांडता भांडता लग्नाच्या मुळापर्यंत जातं. बाईंना ती आवडली. दोनदा हसल्यासुद्धा.

"संवाद उत्तम. पण काय गं, इथेही तोच माणूस? जिन्याच्या वळणावर उभा. चपला हातात. हल्लीचे लेखक एकमेकांचं उचलतात का?"

राखीचं पेन थांबलं. "बाई, तो मागच्या कथेत होता ना?"

"मागच्या कथेत फाटकाशी होता. या कथेत जिन्यात आहे. मी आंधळी आहे गं, बहिरी नाही."

राखी हसली आणि मान खाली घालून काहीतरी खरडल्यासारखं केलं. ते वाक्य तिने लिहिलं नाही.

त्याच संध्याकाळी पुण्याहून मयुरेशचा फोन आला. बाईंचा मुलगा. सरळ माणूस होता, आईची काळजी करणारा. "राखीताई, खरं सांगा, आई विसरते का हो काही? एकाचं दुसऱ्यात मिसळते का? तसं असेल तर तिला एकटं ठेवण्यात अर्थ नाही. मी घेऊन जातो."

राखीला दिवाण दिसला, कपाटातल्या वह्या दिसल्या. पुण्यात बाराव्या मजल्यावर बाई काय करतील? "नाही हो," ती म्हणाली. "बाई माझ्यापेक्षा खणखणीत आहेत."

खोटं बोलून झाल्यावर तिला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही.

३

सोमवारी बाई म्हणाल्या, "मागचे दोन अभिप्राय वाचून दाखव."

पोस्टमनचा तिने वाचला. फ्लॅटच्या कथेचाही वाचला, जेवढा लिहिला होता तेवढा.

"एक वाक्य गाळलंस."

राखीने पेनाचं टोपण लावलं.

"वहीत माझे शब्द राहतील, राखी. शहाणपणा करायचा नाही."

"बाई, तसा माणूस कथेत नाहीये हो. मी दोन्ही कथा पुन्हा वाचल्या. फाटक नाही, जिना नाही, चपला नाहीत. तुम्ही दमला असाल, झोप नीट झाली नसेल..."

बाईंचा चेहरा हळूहळू बदलला. राग आला असता तर राखीला बरं वाटलं असतं, राग नव्हता. त्यांनी शालीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग चाचपत उठल्या, कपाटापाशी गेल्या आणि वह्यांच्या कडांवरून हात फिरवत राहिल्या.

"माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "घरात नसलेली माणसं जेवायला वाढायला सांगायची. आम्ही हो हो म्हणायचो. तिला कोणी खरं सांगितलंच नाही. मला ते नकोय. तुझ्या मोबाइलमध्ये आवाज घेता येतो ना? आज वाचताना घे. मग मला ऐकव. नसेल तो माणूस, तर मीच मयुरेशला फोन करते."

४

राखीने मोबाइल स्टुलावर ठेवला आणि लाल खूण दिसेपर्यंत वाट पाहिली. कथा विहीर खणणाऱ्या दोन भावांची होती. तिने मुद्दाम सावकाश वाचलं. लहान मुलांसारखं प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून वाचलं. एकही शब्द इकडचा तिकडे होऊ दिला नाही. पंचवीस मिनिटं लागली. बाहेर भंगारवाला ओरडून गेला, लताबाईने कुकर लावला, दोन शिट्ट्या झाल्या.

"आता उंबऱ्यापाशी आला," बाई हळूच म्हणाल्या. "लाव ते."

राखीने रेकॉर्डिंग लावलं. तिचाच आवाज, जरा नाकातला, मोबाइलमध्ये ऐकू येतो तसा. भंगारवाला ओरडला. पहिली शिट्टी झाली. थोरला भाऊ कुदळ बाजूला ठेवतो, त्या ठिकाणी राखीचा आवाज अजिबात न अडखळता पुढे गेला:

"उंबऱ्यापाशी तो थांबला. दोन्ही चपला त्याने छातीशी धरल्या होत्या. आत दोघी होत्या. एक वाचत होती. खाली पाणी गढूळच लागलं होतं..."

आणि मग पुढे विहीर, भाऊ, दोर.

बाईंनी सुस्कारा सोडला. कित्येक दिवस अडकून पडलेला श्वास मोकळा व्हावा तसा. त्यांच्या बंद पापण्यांखालून पाणी आलं. "म्हणजे मी ठीक आहे," त्या म्हणाल्या. "राखी, मी ठीक आहे गं."

राखीला वाचलेलं आठवत होतं: कुदळ बाजूला ठेवली आणि खाली पाणी गढूळच लागलं. मधे काही नव्हतं. तिने ते पान काढलं. मधे काहीच नव्हतं.

"लताबाई," तिने हाक मारली. आवाज फाटला. "जरा इकडे या. हे एवढं वाचा बरं."

लताबाई पदराला हात पुसत आली. एकेका अक्षराला टेकू देत तिने वाचलं, "कु-दळ बा-जूला ठेव-ली. खाली पाणी गढू-ळच..."

"मधे काही आहे का?"

"नाय ताई. मधी काय असंल? एक काळी टिकली हाय फक्त, पूर्णविरामाची. का हो, काय झालं?"

लताबाई दोघींकडे बघत उभी राहिली. मग बाईंनी तोंड राखीकडे वळवलं, जिथून राखीचा श्वास ऐकू येत होता तिकडे. त्यांच्या चेहऱ्यावरची सुटकेची छटा गेली होती.

"दोघी म्हणजे आपण का गं?" त्यांनी विचारलं.

५

घरी सिडकोत परत येताना महामार्गाखालच्या बोगद्यातल्या गर्दीत राखीची स्कूटर दोनदा बंद पडली. मागचे लोक हॉर्न वाजवत होते, ते आवाज तिला फार लांबून आल्यासारखे वाटले. तिने नवऱ्याला, रवीला, रेकॉर्डिंग ऐकवलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "वाचता वाचता माणूस मनातलं बोलून जातो. तुझी झोप होत नाही. दोन दिवस सुट्टी टाक."

तिला ते पटवून घ्यायचं होतं. तिने स्वयंपाकघरात बसून पेपर मोठ्याने वाचला, मोबाइल लावून. हवामान, कांद्याचे भाव, पाणीकपात. ऐकलं. एकही शब्द जास्तीचा नव्हता. गणपतीच्या कॅलेंडरमागच्या पाककृतीसुद्धा वाचून पाहिल्या. काही नाही. म्हणजे जे काही होतं ते कथेत होतं, आणि बाईंच्या खोलीत. या विचाराने तिला धीर आला आणि लगेच लाजही वाटली, कारण त्या खोलीत बाई एकट्या होत्या.

बुधवारी ती गेली नाही. गुरुवारी बाईंचाच फोन आला. "मयुरेशला सांगितलंय. रविवारी येतोय न्यायला. मी इथून गेले की तुझं वाचन थांबेल, म्हणजे सगळंच थांबेल." जरा थांबून म्हणाल्या, "उद्या येशील का? शेवटची एक कथा. चाळीस वर्षांत मी कथा अर्धी टाकलेली नाही. ही मला कळायला हवी."

"बाई, नको."

"तू आली नाहीस तरी तो उंबऱ्यापाशीच उभा राहील, राखी. मी त्याच्यासमोर तीन दिवस बसलेय."

६

शुक्रवारी ती गेली. दार उघडंच होतं. उंबरा ओलांडताना तिने पाय जरा जास्तच वर उचलला. खोलीत लख्ख ऊन होतं. कपाट रिकामं होतं आणि वह्या खोक्यात भरून झाल्या होत्या. लताबाईला बाईंनी लवकर घरी पाठवलं होतं.

राखीने शोधून शोधून विनोदी कथा आणली होती. वरातीच्या दिवशीच बँडवाल्याचं वाजवायचं पितळी शिंग चोरीला जातं आणि तो तोंडानेच वाजवत वरात काढतो. तिच्यात घर नव्हतं, दार नव्हतं. सगळी कथा रस्त्यावर घडत होती.

पहिली तीन पानं नीट गेली. बाई हसल्यासुद्धा. चौथ्या पानावर बाईंचा चेहरा राखीच्या आवाजावरून सरकला. आंधळं माणूस आवाजाच्या मागे तोंड फिरवतं, तसा तो दाराकडे वळला, मग दारापासून हळूहळू आत, टेबलाच्या कडेने, कपाटापुढून. राखीला काहीच ऐकू येत नव्हतं. तिने नजर पानावरून उचलली नाही. उचलायची नाही, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला ते माहीत होतं.

बाईंनी पाय खाली घेतले आणि दिवाणावर जरा सरकल्या. बसमध्ये शेजारी कुणी आलं की आपण सरकतो, तशा.

आणि त्या क्षणी पहिल्यांदाच राखीला स्वतःचा आवाज ऐकू आला. तिचं बोट बँडवाल्याच्या ओळीखाली होतं आणि तोंड म्हणत होतं:

"तो आत आला. कुणी त्याला बस म्हटलं नाही, तरी जागा झाली. तो तिच्या शेजारी टेकला. मग त्याने हातातल्या चपला खाली ठेवल्या आणि..."

पुढचे शब्द तिच्या जिभेवर आले. सगळे, क्रमाने. तिने दात आवळले. गालाच्या आतला भाग दातांत सापडला आणि तोंडात रक्ताची चव पसरली, पण तिने तोंड उघडलं नाही. पानाच्या वरच्या कडेपलीकडे, डोळ्याच्या कोपऱ्यात, दिवाणाची गादी बाईंच्या शेजारी दबलेली दिसत होती. एका माणसाच्या वजनाइतकी.

"पुढे?" बाई म्हणाल्या.

राखीने पुस्तक मिटलं. "संपली, बाई."

"नाही संपली."

"संपली," राखी म्हणाली आणि बाईंना हाताला धरून, जवळजवळ ओढतच, अनवाणी बाहेर अंगणातल्या उन्हात घेऊन आली. रविवारपर्यंत बाई समोरच्या वत्सलाबाईंकडे राहिल्या. मयुरेश आला आणि त्यांना घेऊन गेला.

७

पुण्यात बाई रमल्या. सून संध्याकाळी कथा वाचून दाखवायची. "छान वाचते," बाई फोनवर म्हणाल्या, "कुणी येत नाही." त्यांच्या आवाजात सुटका होती आणि राखीला हेवा वाटला. तिने स्वतः त्या शुक्रवारपासून मोठ्याने एक ओळही वाचली नव्हती. ग्रंथालयात मुलांना पुस्तकाचं नावसुद्धा ती बोट ठेवून दाखवायची.

फेब्रुवारीत राखीच्या मुलीच्या, ओवीच्या, शाळेत कथाकथनाची स्पर्धा जाहीर झाली. ओवी आठवीत होती, आवाज गोड. शेळी हरवलेल्या मुलीची गोष्ट तिने निवडली. पाच पानांची संहिता हातात घेऊन ती रोज बाहेरच्या खोलीत सराव करायची. राखी आत पोळ्या लाटत होती.

"...मुलगी रानभर हाका मारत हिंडली. फाटकाशी एक माणूस उभा होता, दोन्ही चपला हातात धरून. तेवढ्यात झुडपामागून आवाज आला, में!"

लाटणं राखीच्या हातातच राहिलं. तव्यावरची पोळी करपली. ती बाहेर आली. "ओवी, आत्ता काय म्हणालीस?"

"में," ओवी म्हणाली आणि हसली. "जमलं ना?"

राखीने संहिता वाचली. पाचही पानं. तो माणूस कुठेच नव्हता. दुसऱ्या दिवशी ओवीच्या वाचनात तो जिन्याच्या वळणावर होता. बाईंकडे त्याला दोन दिवस लागले होते, इथे एकच लागला. तिने ओवीला स्पर्धा सोडायला सांगितलं. ओवी रडली, जेवली नाही, आणि रवीने रागावून विचारलं, "हे काय नवीन?" तिसऱ्या दिवशी मुलगी बाथरूममध्ये दार लावून सराव करत होती. दाराबाहेर राखीने कान लावला. उंबऱ्यापाशी. आत दोघी होत्या.

तिने बाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"त्या दिवशी तू मधेच थांबलीस," बाई म्हणाल्या. "पुढचं वाक्य तुला माहीत होतं."

"हो, बाई."

"माझ्यासाठी थांबलीस ना? कुणाचं नाव होतं गं त्यात?"

राखीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग तो दुसरा वाचणारा शोधणारच, पोरी," बाई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज फुटला. "कुणीतरी ते पुरं करेपर्यंत शोधणार. तुझं तू बघ. ओवीला ते वाक्य माहीत नाही. ती थांबणार नाही."

शुक्रवारी रवी कामावर होता. ओवी शाळेत होती, यायला अजून वीस मिनिटं होती. राखीने गॅस बंद केला, दाराला आतून कडी घातली आणि सोफ्याच्या एका टोकाला बसली. पुस्तक उघडायची गरज नव्हती, तरी उघडलं, कारण हाताला काहीतरी हवं होतं. तिने बँडवाल्याच्या चौथ्या पानापासून सुरुवात केली. तो आत आला. जागा झाली. तो तिच्या शेजारी टेकला. चपला खाली ठेवल्या आणि...

या वेळी तिने दात आवळले नाहीत. वाक्य लहान होतं. त्यात किंकाळी नव्हती, रक्त नव्हतं. त्यात विमलाबाईंचं नाव नव्हतं, ओवीचंही नव्हतं. एक नाव होतं, आणि ते तिने स्पष्ट उच्चारलं, शाळेत हजेरी घेताना बाई तिचं नाव उच्चारायच्या तसं.

पूर्णविरामानंतर खोली शांत झाली. खालून रिक्षा गेली. मग फरशीवर हलकेच दोन आवाज झाले, एकामागून एक. राखीने खाली पाहिलं. तिच्या पायांशेजारी चामडी चपलांचा एक जोड नीट लावून ठेवलेला होता, टाचा भिंतीकडे. त्यांच्या पलीकडे, सोफ्याच्या कडेवरून खाली आलेली, धुळीने माखलेली पावलं होती. त्यांच्या वर तिने पाहिलं नाही.

सोफा तिच्या बाजूला कलला. कानाशी अगदी जवळ, आपुलकीने, कुणीतरी विचारलं, "कशी वाटली?"

आवाज राखीचाच होता. तिचं तोंड मात्र मिटलेलं होतं.